चेर्निव्त्सीचे प्रबोध करंदीकर

ऑफिसच्या यादीत प्रबोध करंदीकर युक्रेनचा निघाला, तेव्हा त्याला सिंगापूरला येऊन सात वर्षं झाली होती. त्या सात वर्षांत तो मूळचा कुठला हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं, त्यामुळे यादीत काही चुकलंय हेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

झालं ते असं. एचआरमधल्या शू लिंगने दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ‘माझं गाव’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या भागातली प्रेक्षणीय स्थळं वीस मिनिटांत दाखवायची आणि बाकीच्यांनी कंपनीच्या खर्चाने सँडविच खायची. त्यासाठी तिने माणसांची एक जुनी यादी शोधून काढली. तिच्यात पेत्रो नावाचा एक युक्रेनियन होता, तो दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेला होता. शू लिंगने त्याचं नाव काढलं, पण नावच काढलं. गावाचा रकाना तसाच राहिला. खालची सगळी नावं एकेक घर वर सरकली. पेत्रोच्या खाली प्रबोध होता. तो अलगद युक्रेनच्या चेर्निव्त्सी प्रांतात जाऊन बसला, आणि त्याच्या खालची रेचल चॅन पुण्याची झाली.

रेचलने पाच मिनिटांत तक्रार केली. तिच्या खालच्या रवीने दहा मिनिटांत केली. दुपारपर्यंत अकराजणांनी आपापली गावं परत मिळवली. प्रबोधनेही पत्र लिहायला घेतलं. ‘तसदीबद्दल क्षमस्व’ असं सुरू करावं की ‘एक बारीकशी दुरुस्ती’ असं, या विचारात त्याचा अर्धा तास गेला. तेवढ्यात शू लिंगचं सगळ्यांना पत्र आलं : ‘आता कृपा करून कोणी काही बदलायला सांगू नका. मी सकाळपासून दोनदा रडले आहे.’

प्रबोधने आपलं पत्र पुसून टाकलं. आपल्यामुळे कोणी तिसऱ्यांदा रडावं, हे त्याला बरं वाटेना.

तसा तो बोलण्यातला माणूस नव्हताच. वय चव्वेचाळीस, लग्नाचं राहून गेलेलं, यिशुनमध्ये नवव्या मजल्यावर एक भाड्याचा फ्लॅट. शनिवार-रविवार तोंडातून शब्द निघायचा नाही, त्यामुळे सोमवारी पहिलं वाक्य बोलताना त्याचा आवाज घोगरा यायचा. पूर्वी सकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, तो ‘एक कॉफी, साखर कमी’ एवढं तरी म्हणायचा. पण चार वर्षांत कॉफीवाल्या अंकलना ते पाठ झालं. हल्ली प्रबोध दिसला की ते मुकाट्याने कप पुढे सरकवत. अंकलनी हे प्रेमानेच केलं होतं, पण त्यामुळे प्रबोधचं सकाळचं एकुलतं एक वाक्यही गेलं.

तर आता चेर्निव्त्सी. नाव नीट उच्चारायलाच त्याला दोन संध्याकाळी लागल्या. मग मात्र तो त्यात बुडालाच. ऑफिसातून घरी जायचं, कुकर लावायचा आणि युक्रेनच्या त्या कोपऱ्यात हिंडायचं. लाल विटांचं ते थोरलं विद्यापीठ, पूर्वी धर्मगुरूंचा वाडा होता म्हणे, आणि त्याच्या छपरावर रंगीत कौलांची नक्षी, अगदी विणलेल्या शालीसारखी. नीस्तर नदीच्या काठावरचा खोतिनचा किल्ला. ज्याचे मनोरे पीळ दिल्यासारखे दिसतात, आणि म्हणून ज्याला लोक ‘झिंगलेलं चर्च’ म्हणतात, असं एक चर्च. दोन रस्ते मिळतात तिथे जहाजासारखं उभं असलेलं घर. आणि एके काळी या शहरातले रस्ते गुलाबांच्या जुड्यांनी झाडत, अशी एक दंतकथा. ही कथा त्याने तीनदा वाचली. झाडणाऱ्याच्या हाताला काटे टोचत नसतील का, या विचाराने त्याला एक दिवस झोप लागली नाही.

शुक्रवारी तो उभा राहिला. समोर बत्तीस माणसं आणि बत्तीस सँडविच. ‘मी तिथला आहे’ असं तो एकदाही म्हणाला नाही. ही त्याची स्वतःपाशी केलेली तडजोड होती. तो नुसता सांगत गेला. किल्ल्याच्या भिंतीवर एक ओला काळा डाग आहे, तो वाळत नाही, भिंतीत चिणलेल्या मुलीचे ते अश्रू आहेत असं लोक म्हणतात, इथवर तो आला तेव्हा कोणी खात नव्हतं.

संपल्यावर त्याचे साहेब मिस्टर ओंग पुढे आले. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

“घरी सगळे सुखरूप आहेत ना?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“हो,” प्रबोध म्हणाला. पुण्यात बहीण नीता होती, ती सुखरूप होती. ते खोटं नव्हतं.

“पण हा तर इंडियन दिसतो,” मागून कोणीतरी कुजबुजलं.

“तिकडे पुष्कळ इंडियन शिकायला जातात लाह,” शू लिंग सिंगापुरी हेल काढत म्हणाली. “मग तिथलेच होतात. पेपरात आलं होतं.”

झालं. प्रबोधने काहीही न सांगता त्याचा जीवनवृत्तांत तयार झाला. तो विद्यार्थी म्हणून गेला होता, तिथेच रमला होता, लढाईने त्याचं सगळं हिरावलं होतं, आणि म्हणूनच बिचारा गेली सात वर्षं गप्प होता. लढाई कधी सुरू झाली आणि तो इथे कधी आला याचा हिशेब कोणी केला नाही. त्याच्या गप्प बसण्याचं कारण सापडल्यामुळे सगळ्यांनाच हलकं वाटलं होतं.

सोमवारी त्याच्या टेबलावर युक्रेनी पद्धतीच्या बीटच्या सुपाचा डबा होता. मंगळवारी रेचलने त्याला जेवायला बरोबर नेलं. बुधवारी बत्तीस सह्यांचं एक कार्ड आलं, ‘तुझं घर आमच्या मनात आहे’ असं लिहिलेलं. प्रबोध ते घेऊन स्वच्छतागृहात गेला आणि बराच वेळ आत बसून राहिला. खरंच कोणाचं तरी घर तिकडे मोडलं होतं, आणि त्याचं सूप हा पीत होता. त्याला शरम वाटली. आणि सूप आवडत होतं, याची आणखी वाटली.

त्याने शू लिंगला गाठून सांगायचं ठरवलं. पण दारापर्यंत गेल्यावर त्याच्या मनात आलं, की एचआर म्हणजे एम्प्लॉयमेंट पासवाले, इथे काम करायचा परवाना त्यांच्याच हातात. पुढच्या महिन्यात आपला पास नवा व्हायचाय. ‘खोटं नागरिकत्व सांगितलं’ असा शेरा पडला तर? तो शिपायाकडून स्टेपलरच्या पिना मागून परत आला.

त्या रविवारी नीताचा फोन आला.

“दादा, तू रशियात होतास का कधी?”

“युक्रेन,” प्रबोध म्हणाला.

“तेच ते. तुझ्या कंपनीने फोटो टाकलाय. ‘मायदेशाच्या आठवणींत रमलेले प्रबोध.’ मागे कसला तरी किल्ला आहे. आम्हाला कधी सांगितलं नाहीस ते.”

“गेलो नाही गं मी. यादीत चूक झाली.”

“मग सांग की त्यांना.”

“सांगतो.”

“तू काय सांगतोस,” नीता म्हणाली. “शाळेत गुरुजींनी तुला वर्षभर प्रमोद म्हणून हाक मारली, तेव्हा तरी सांगितलंस का?”

ते खरंच होतं.

पुढच्या आठवड्यात प्रकरण हाताबाहेर गेलं. शू लिंग नाचतच आली. “प्रबोध, तुझ्यासाठी एक गंमत आहे. सहाव्या मजल्यावरच्या ऑफिसात एक मुलगी आलीय. तुमच्याच तिकडची आहे. मी तिला वर घेऊन आलेय.”

त्याला छोट्या मीटिंग रूममध्ये नेऊन बसवण्यात आलं. समोर पिंगट केसांची, पंचविशीची एक मुलगी बसली होती, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. तिचं नाव रेका. खोलीची भिंत काचेची होती आणि काचेपलीकडे अर्धं ऑफिस गोळा झालेलं.

“बोला,” शू लिंग म्हणाली. “तुमच्या भाषेत, पोटभर. आम्ही मध्ये येणार नाही.” आणि दार अर्धवट उघडं ठेवून ती दारातच उभी राहिली.

मुलगी खालमानेने काहीतरी बोलली. आता सगळं संपलं, हे प्रबोधला कळलं. इंग्रजीत खरं बोलावं, तर दारात शू लिंग. युक्रेनियन तर येत नव्हतं. शेवटी त्याच्या तोंडून आपोआप आलं ते मराठी.

“बाई, मला यातलं अक्षर कळत नाही. मी पुण्याचा आहे. तुम्हाला राग आला असेल तर तो बरोबरच आहे, पण या लोकांसमोर माझी लाज राखा.”

मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवली. मग तिने लांबलचक काहीतरी सांगितलं. ती सांभाळून घेतेय, हे पाहून प्रबोधचे डोळे भरून आले. ती थांबल्यावर बोलायची पाळी त्याची होती. काय बोलावं? त्याने आमटीपासून सुरुवात केली.

“एका माणसाची आमटी होत नाही हो. कितीही कमी डाळ घेतली तरी दोन दिवसांची होते. दुसऱ्या दिवशी ती खाताना वाटतं, कालचंच जेवण चाललंय अजून.”

मुलगी बोलली. मग तो बोलला. फ्लॅटमधल्या पंख्याबद्दल, शेजारच्या दारासमोरच्या चपलांबद्दल. त्या चपला रोज बदलतात, पण माणूस कधी दिसत नाही. गेल्या दिवाळीला त्याने एकट्यासाठी चकल्या आणल्या, त्या मार्चपर्यंत पुरल्या. ज्या गोष्टी त्याने नीतालाही सांगितल्या नव्हत्या, त्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. तिला मराठी कळत नव्हतं, म्हणूनच ते जमत होतं. मधेच मुलीनेही डोळे पुसले. दारात शू लिंग हुंदके देत होती. काचेपलीकडे मिस्टर ओंगांनी खिशातून रुमाल काढला होता.

पंचवीस मिनिटांनी दोघं बाहेर आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रबोध तिला पोचवायला लिफ्टपाशी गेला. आजूबाजूला कोणी नाही, असं पाहून रेका इंग्रजीत म्हणाली, “मला तुमची माफी मागायची आहे.”

“तुम्ही कशाला? माफी तर मी—”

“मी युक्रेनची नाही,” ती म्हणाली. “मी हंगेरीची आहे.”

लिफ्ट आली. दार उघडलं आणि मिटलं.

“त्या बाई म्हणाल्या, तू तिकडचीच ना? मला वाटलं, तिकडची म्हणजे युरोपची, म्हणून मी हो म्हटलं. मला वाटलं, कॉफीला बोलावतायत. चार महिन्यांत मला कोणी कॉफीला बोलावलं नव्हतं.” तिचा आवाज बारीक झाला. “वर आल्यावर कळलं, पण तोवर एवढी माणसं जमली होती. तुम्ही इतकं मनापासून बोलत होतात आणि मला एक शब्द समजत नव्हता. तुमच्या देशावर एवढं संकट, आणि मी नुसती मान हलवत बसले. पण तुमची भाषा फार छान आहे.”

“ते मराठी होतं,” प्रबोध म्हणाला.

“म्हणजे युक्रेनियनचीच एक बोली?”

“नाही. पुण्यात बोलतात. इंडियामध्ये.”

रेका त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने तोंडावर हात धरला, आणि तिचे खांदे हलायला लागले. प्रबोधला आधी वाटलं, ती रडतेय. मग कळलं आणि त्यालाही आवरेना. लिफ्ट दुसऱ्यांदा येऊन गेली.

“तुम्ही काय सांगत होतात इतका वेळ?” त्याने डोळे पुसत विचारलं.

“माझ्या कुत्र्याबद्दल. तो आईकडे असतो. मी परत गेले तर मला ओळखेल का, असं. आणि तुम्ही?”

“आमटीबद्दल.”

“ते काय असतं?”

“ते सांगायला वेळ लागेल,” प्रबोध म्हणाला. “खाली कॉफी चांगली मिळते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शू लिंगपुढे जाऊन बसला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं : यादी, पेत्रो, रेचलचं पुणे, हंगेरी. आवाज अजिबात घोगरा नव्हता. शेवटी त्याने विचारलं, “माझ्या पासचं काय होईल?”

“पासचं काय व्हायचंय?” शू लिंग म्हणाली. “त्या कागदांवर पहिल्यापासून इंडियाच आहे. ही तर सँडविचची यादी.” मग तिने कपाळाला हात लावला. “अरे पण मी रडले होते. मिस्टर ओंग रडले होते.”

“मला फार वाईट वाटतंय. हे कार्ड परत घ्या.”

तिने कार्ड उघडून पाहिलं, बत्तीस सह्या पाहिल्या आणि ते त्याच्यापुढे सरकवलं. “ठेव. नाव तुझंच आहे वर. मिस्टर ओंगना मी सांगते, तू काही बोलू नकोस.” मग तिने यादी उघडली आणि कीबोर्डवर बोटं ठेवली. “हं. पुणे ना? काय आहे तिथे बघण्यासारखं? येत्या शुक्रवारची पाळी मोकळी आहे.”

प्रबोधने तोंड उघडलं. खोतिनच्या भिंती किती जाड आहेत हे त्याला माहीत होतं. त्या विद्यापीठाला किती वर्षं लागली, कौलांत कुठले रंग आहेत, हेही तो झोपेत सांगू शकला असता. पुण्यात त्याने सदतीस वर्षं काढली होती. घरापासून शाळा, शाळेपासून कॉलेज, कॉलेजपासून कंपनी, आणि वाटेत जे जे काही होतं ते ‘बघू कधीतरी’ म्हणून राहिलेलं. शू लिंग वाट पाहत होती, आणि सात वर्षांत हा प्रश्न त्याला प्रथमच कोणीतरी विचारला होता.

“या शुक्रवारी नको,” तो म्हणाला. “त्याच्या पुढच्या शुक्रवारी ठेव. मला तयारी करावी लागेल.”