आठवी रेघ

"बाबा, पाच वाजता भंगारवाला येतोय. तोवर तुमचा डबा चालू झाला तर ठेवा, नाहीतर त्या जागी पाळणा येणार," मुलीने कुजबुजत बजावले आणि बाळ झोपले होते त्या खोलीचे दार हळूच लोटले. बाळ तीन रात्री झोपले नव्हते, म्हणजे घरात कोणीच झोपले नव्हते. दाराच्या फटीतून तिने पुन्हा डोके बाहेर काढले. "आणि आवाज नको. अजिबात!"

डबा म्हणजे आजोबांचा कॉम्प्युटर, वयाने मुलीएवढाच. आजोबा हे पद मात्र तीन महिन्यांचे. त्याआधी ते एका कचेरीत नकाशे काढायचे आणि उरलेले काम घरी याच कॉम्प्युटरवर उरकायचे. त्या यंत्रावर त्यांचा फार जीव. पण मधल्या काळात मदरबोर्डवरची बॅटरी पाझरली आणि तिच्या शेजारच्या, वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या बारीक रेघा हिरव्या पडून तुटल्या. अशा सात रेघा. गेले चार दिवस आजोबा भिंग लावून त्या खरवडत होते आणि केसाएवढ्या तारेने सोल्डर करून जोडत होते.

बाळ उठू न देता हे करायचे म्हणजे शिक्षाच. रेघ जुळली की तपासायचा मीटर पिपाणीसारखा वाजे, म्हणून त्यांनी तो टॉवेलात गुंडाळला. मग वाजलेले त्यांनाच ऐकू येईना, म्हणून टॉवेलाला कान लावला. कान लावला की भिंग नाकावरून घसरे.

"अहो, कान मी लावते. तुम्ही फक्त डोळे लावा," आजी शेवटी म्हणाली.

चारला सातवी रेघ जुळली. शेवटची नजर फिरवताना आजोबा दचकले. "अगं, इथे आठवी आहे!"

"ती तर बॅटरीपासून वीतभर लांब आहे. आणि हिरवीही नाही."

"गंज फसवा असतो," आजोबा चार दिवसांच्या अनुभवाने म्हणाले.

आजीने भिंगातून पाहिले. "मला ही कुठेतरी बघितल्यासारखी वाटते."

"सगळ्या रेघा सारख्याच दिसतात."

पावणेपाचला तीही जुळली. आजोबांनी मीटर की-बोर्डवर ठेवला आणि कॉम्प्युटरचे बटण दाबले. पडदा उजळला, अक्षरे उमटली. आजोबांचे डोळे भरून आले. त्यांनी आजीचा हात धरला, आणि तेवढ्यात डबा किंचाळू लागला. एकदा नाही, थांबेचना! आजोबांनी मिळेल त्याच्यावर टॉवेल टाकला. आतून बाळाने सूर लावला.

आजीने शांतपणे की-बोर्डवरचा मीटर उचलला. त्याखाली दाबल्या गेलेल्या कळा सुटल्या आणि डबा गप्प झाला. बाळ मात्र गप्प झाले नाही.

केस विस्कटलेली मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली. "झालं समाधान?"

"आठवलं!" आजी एकदम म्हणाली. "अहो, ती आवाजाची रेघ तुम्हीच कापली होती. ब्लेडने! तेव्हा आपली लेक तीन महिन्यांची होती. तुम्ही कामाला बसलात की हे पी-पी करायचं आणि ही जागी व्हायची."

आजोबांनी भिंग पुसायला घेतले. "मी? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"गॅरंटी जाईल, कोणाला सांगू नकोस, असं तुम्हीच म्हणाला होतात."

मुलीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि वाकून त्या रेघेकडे बराच वेळ पाहिले. दारावरची बेल वाजली. तीच दार उघडायला गेली.

"काका, आज काही द्यायचं नाहीये. सॉरी हं." दार लावून ती परत आली. "पाळणा माझ्या खोलीत मावेल. बाबा, ब्लेड कुठेय?"

सात रेघा जोडायला आजोबांना चार दिवस लागले होते. आठवी त्यांनी जुन्याच जागी एका झटक्यात कापली.