अंगठ्यातल्या पाहुण्यांचा निरोप

श्रीरंग तेरदाळकरांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात राहणाऱ्या युरिक ॲसिडने बुधवारी सकाळी, चहाच्या वेळेला, आपल्याला आता निघायचं आहे असं कळवलं.

"अकरा वर्षं झाली," अंगठ्यातून आवाज आला. आवाज वडीलधारा होता. "तुमच्याकडे कशाला कमी पडलं नाही. दर रविवारी मटणाचा रस्सा, वर कलेजी. पण आता आमची आत फार दाटी झालीय. बसायला सांधा पुरत नाही."

"मग निघा की!" अंगठा पाटावर टेकवून बसलेले श्रीरंग म्हणाले. त्यांना आनंद लपवता येईना. "अडवलंय कुणी?"

"तुमच्याच मूत्रपिंडांनी."

यात खोटं काही नव्हतं. सांगलीतल्या तेरदाळकरांच्या घरातून आजवर कुणी एका झटक्यात बाहेर पडलेलं नाही. पाहुणा चप्पल घालायला लागला की त्याचा हात धरायचा, असं कसं म्हणायचं, निदान चहा तरी घ्या म्हणायचं आणि परत आत आणून बसवायचं, ही घराची रीत. मूत्रपिंडंही याच घरात वाढलेली. युरिक ॲसिड दाराशी आलं की दहातल्या नऊ जणांना ती आग्रहाने रक्तात परत नेऊन बसवत. तिथून ते बिचारे पुन्हा अंगठ्यात येत.

श्रीरंगांना घाई होती. शनिवारी दुपारी चार वाजता त्यांच्या मंडळाच्या संगीत नाटकाचा प्रयोग होता आणि एकतीस वर्षं साथीचा ऑर्गन तेच वाजवत होते. हा ऑर्गन पायाने भाता मारल्याशिवाय वाजत नाही. मंडळाचे सेक्रेटरी मगदूम दोन दिवसांपूर्वीच सांगून गेले होते, की पाय बरा नसेल तर कवठेकरांचा विजेवरचा कीबोर्ड मागवू. श्रीरंगांना हे फार लागलं होतं. शनिवारी त्या जागेवर कवठेकर बसले की पुढच्या प्रयोगालाही तेच बसणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

कुमुदताई नवऱ्याला रिक्षात घालून डॉक्टर नेर्लेकर बाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी अंगठ्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, मधे एकदा "तुम्ही सगळेच निघणार का?" असंही विचारलं आणि चिठ्ठीवर गोळी लिहिली.

"ही गोळी मूत्रपिंडाच्या दाराशी उभी राहील," त्या म्हणाल्या. "बाहेर पडणाऱ्याला कुणी परत आत ओढू लागलं तर ओढू देणार नाही. तुम्ही पाणी भरपूर प्यायचं, म्हणजे जाणाऱ्यांना वाट राहते. नाहीतर वाटेतच खडा होऊन बसतात."

गोळी पांढरी होती आणि कामाला वाघ होती. पोटात गेल्या गेल्या तिने आपली ओळख करून दिली.

"माझ्याकडे फक्त जावक," ती म्हणाली. "नवीन युरिक ॲसिड तयार होतं, ते काम आवक खात्याचं. त्याची गोळी वेगळी असते. त्याबाबतची तक्रार माझ्याकडे आणू नये."

बुधवार, गुरुवार मंडळी शिस्तीत निघाली. श्रीरंग तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते आणि सारखे न्हाणीघराकडे जात होते. मूत्रपिंडांनी सुरुवातीला थोडी कुरबुर केली, पाहुण्यांना असं उभ्या उभ्या घालवणं बरं दिसत नाही म्हणाली. गोळीने त्यांना हात लावू दिला नाही. शुक्रवारी सकाळपर्यंत अंगठा निम्म्यावर आला. श्रीरंगांनी खुर्चीवर बसून हळूच भाता मारल्यासारखं करून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी शेवटचे उरलेले, सगळ्यांत जुने, निरोप घ्यायला आले. अकरा वर्षांपूर्वी अंगठ्यात पहिलं पाऊल यांनीच टाकलं होतं.

"बरंय श्रीरंगराव, येतो आम्ही."

"असं कसं!" श्रीरंग म्हणाले. "थांबा की राव, जेवून जा!"

बोलून झालं आणि मग त्यांना कळलं. कुमुदताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, काय बोललात हे?"

"तोंडातून गेलं गं!"

"हे नियमात बसत नाही," गोळी आतून म्हणाली. "मूत्रपिंडांना मी अडवू शकते. खुद्द घरमालकाने थांबवलं तर माझा इलाज चालत नाही."

वडीलधारे सांध्यात परत जाऊन बसले. अंगठा ठणकू लागला. श्रीरंगांचा चेहरा एवढासा झाला.

"तुम्हीही अवघडून गेलात," वडीलधारे थोड्या वेळाने म्हणाले. "पण आग्रह मोडून उठणं आम्हालाही जमायचं नाही. असं करू. जेवण नको. उद्या तुमचा ऑर्गन ऐकतो. भैरवी झाली की उठतो. भैरवीनंतर कुणी कुणाला थांब म्हणत नाही, हे तरी तुमच्या घरात पाळतात ना?"

"पाळतात!" श्रीरंग आणि मूत्रपिंडं एकदमच म्हणाली.

"शनिवारी माझी ड्युटी रात्री आठपर्यंत आहे," गोळीने कळवलं. "त्याच्या आत आटपा."

शनिवारी मगदूम रंगमंचाच्या पायऱ्यांशी उभेच होते. श्रीरंग त्यांच्या देखत काठी न घेता वर चढले. वडीलधारे आत होता होईल तेवढे कडेला सरकून बसले होते, तरी तिसऱ्या पायरीला कळ मस्तकात गेली. श्रीरंगांनी ती हसण्यात दडवली. पहिल्या अंकात जलद तानांच्या वेळी त्यांचा घाम निघाला. दुसऱ्या अंकात वन्स मोअर मिळाला, त्यात एक आवाज अंगठ्यातूनही आला होता.

साडेसातला भैरवीत भरतवाक्य सुरू झालं. श्रीरंग जीव ओतून वाजवत होते आणि मधेच त्यांच्या ध्यानात आलं, की पाय हलका पडतोय. पडदा पडला. मगदूम येऊन म्हणाले, "पुढच्या महिन्यात इचलकरंजीला प्रयोग आहे. ऑर्गन आदल्या दिवशी पाठवू ना?"

"पाठवा," श्रीरंग म्हणाले आणि घाईघाईने नाट्यगृहाच्या मुतारीकडे गेले.

शेजारी नाटकातले महाराज उभे होते, मुकुट काखेत धरून. श्रीरंगांना जरा गलबलून आलं. अकरा वर्षं म्हणजे थोडी नाहीत. त्यांनी मान झुकवली.

"सावकाश जा हो," ते म्हणाले.

महाराजांनी आधी श्रीरंगांकडे आणि मग खाली पाहिलं.

"घरचं कुणी?"

"जवळचेच. अंगठ्यात असायचे."

महाराजांनी काखेतला मुकुट काढून डोक्यावर नीट बसवला आणि जाणाऱ्यांना लवून मुजरा केला.