बारा कोंबड्यांची पंगत

दहिवलीचा सहदेव कर्जतच्या दवाखान्यात कंपाउंडर. पण सेहेचाळीस सालच्या त्या उन्हाळ्यात त्याची छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटायचीच बाकी! डोंगरवाडीच्या गोमा वैदूने दाखवलेल्या पाल्याचा रस कोंबड्यांच्या देवीच्या रोगावर चालतो, हे तो सिद्ध करून दाखवणार होता. जमलं, तर मुंबईच्या प्रयोगशाळेतले साहेब त्याला मदतनीस म्हणून घेणार होते.

"आये, नीट ऐक," त्याने भागूबाईला बजावलं. "ह्या बारा आजारी कोंबड्या. तांबडा दोरा बांधलाय त्या सहांना रस, पांढऱ्या दोऱ्याच्या सहांना नुसतं पानी. मगच रसाचा गुण कळंल. मी दिवसभर दवाखान्यात, तवा पाजायचं काम तुझं!"

"एवडंच ना? जा तू खुशाल!"

पंधरा दिवसांनी साहेब आले. अंगणात बाराही कोंबड्या टुणटुणीत! एक तर साहेबांच्या बुटावरच चढली.

"पाण्यावरच्याही बऱ्या झाल्या?" साहेब म्हणाले. "मग रोग आपोआप गेला. रसाचा काय संबंध?"

झाली पंचाईत! सहदेवचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात दारातून भागूबाई कडाडली, "आपोआप? वा रं वा! बाराच्या बारा जणींना मी माज्या हातानं रस पाजलाय!"

"आये! पांढऱ्यांना पन?"

"मग? एका पंगतीत निम्म्यांना वाढायचं आन् निम्म्यांनी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचं? आपल्या दारात असं कदी झालंय?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण भला माणूस! पुन्हा एकदा करून बघा म्हणाले. सहदेवने खालापूरच्या मामाकडून आणखी बारा आजारी कोंबड्या आणल्या आणि आईला गळ्याची शपथ घातली, "पांढऱ्यांना रसाचा थेंब द्यायचा नाय!"

भागूबाईने शपथ पाळली. साहेब येऊन बघतात तो बाराही कोंबड्या डोक्यावर खपल्या घेऊन पेंगतायत!

"आये, तांबड्यांना तरी पाजलंस ना?"

"कशी पाजू रं?" भागूबाईचे डोळे भरून आले. "तू पांढऱ्यांची शपथ घातलीस. मग कुनालाच नाय दिलं!"

साहेब पोट धरधरून हसले. त्यांची पाठ वळली न वळली तोच ती माऊली पाला कुटायला बसली.

आठव्या दिवशी पत्र आलं. "पहिल्या खेपेस सर्वांना रस, सर्व बऱ्या. दुसऱ्या खेपेस कुणालाच नाही, सर्व आजारी. हा पुरावा नव्हे, पण पाला तपासायलाच हवा. गोमाला घेऊन लगेच या, जागा तुमची. कोंबड्या इथे आहेत. मातुःश्रींना मात्र आणू नये."

आईला पत्र वाचून दाखवताना सहदेवने शेवटची ओळ गिळून टाकली. "साहेबांनी तुला नमस्कार सांगितलाय, आये!"

"लई गुनाचा मानूस!" भागूबाई लुगड्यांचं गाठोडं बांधायलाच लागली. "कवा निघायचं? तितल्या कोंबड्यांकडं कोन बघंल?"