मुख्य परीक्षकाचे आसन

एका जंगलात एक विमान तयार होत होते. बालमित्रहो, जंगल कोणते ते विचारू नका. विमान केव्हापासून तयार होत होते, हे तर मुळीच विचारू नका.

विमान लाकडाचे होते. डोंगरापलीकडच्या हिरव्या कुरणात सशांना नेऊन सोडावे, हा त्याचा हेतू. ते बांधणाऱ्या महागरुड उड्डाण मंडळात काष्ठकूट नावाचा सुतारपक्षी अभियंता होता. चोचीने ठोकून लाकूड भरीव की पोकळ हे सांगणे, एवढेच त्याचे काम. लोककथेतला सुतारपक्षी नेहमी उद्यमशील असतो. हाही पहिले सहा दिवस होता.

सातव्या दिवशी डाव्या पंखाची तुळई पोकळ वाजली. त्याने लगेच कळवले. मंडळाचा नियम असा की, दोष ज्याला सापडेल त्यानेच त्याचा खुलासा चौदा प्रतींत लिहावा आणि दोष दूर होईपर्यंत रोज सभेत उभे राहावे. काष्ठकूट दोन पावसाळे उभा राहिला. तुळई बदलली, तोवर त्याचा तुरा झडला होता.

पुढे उजव्या पंखाची तुळईही पोकळ वाजली. तो कळवायला निघाला, तोच शेजारच्या खारूताईंनी त्याला हटकले.

"अहो काष्ठकूटराव, ऐकू आलं म्हणून ऐकलंच पाहिजे असं कुठंय? जरा हळू ठोका की!"

त्याने हळू ठोकले. तुळई भरीव निघाली. हळू ठोकलेले प्रत्येक लाकूड भरीव असते, हा शोध आपलाच, असे तो पुढे स्वतःला बजावू लागला.

काही वर्षांनी मुख्य परीक्षकाची जागा निघाली. मुलाखतीला अध्यक्ष अस्वलराव आणि सदस्या साळिंदरबाई बसल्या होत्या.

"आजवर किती दोष शोधलेत?" अस्वलरावांनी विचारले.

"एक, साहेब. पण तेव्हा मी नवीन होतो."

"पुन्हा असं होणार नाही ना?"

"नाही, साहेब. चोचीला आता वळण लागलंय."

"आणि एखादा दोष आपण होऊन समोर आलाच तर?" साळिंदरबाई म्हणाल्या.

"त्याला रीतसर अर्ज करायला सांगेन, बाई."

समिती प्रसन्न झाली. निवड तिथेच जाहीर झाली.

"अभिनंदन!" अस्वलराव म्हणाले. "परवा पहिलं उड्डाण. प्रथेप्रमाणे मुख्य परीक्षक सर्वांत पुढे बसतो. पक्षी असलात तरी पट्टा पंखांवरूनच बांधायचा बरं का!"

ससे बसणार होते तोवर तुळई भरीव होती. आता ती एका क्षणात पोकळ झाली.

"साहेब, ती उजवी तुळई जरा..."

"का? सापडलं की काय काही?"

हो म्हणावे तर पद जाते; नाही म्हणावे तर प्राण. काष्ठकूटाने अभियंता झाल्यापासून प्रथमच डोके पूर्ण शक्तीनिशी चालवले.

"छे छे! मी म्हणतो, एवढा मान एका पाखरानं एकट्यानं घेणं शोभत नाही. निवड समितीनंही माझ्या शेजारी बसावं."

"मला त्या उजव्या पंखाबद्दल पहिल्यापासूनच शंका होती हो," साळिंदरबाई म्हणाल्या.

"मला शेपटीबद्दल," अस्वलरावांनी दुजोरा दिला.

दोघेही लगोलग विमानाकडे धावले. सायंकाळपर्यंत तीनशे बारा दोष सापडले. मंडळातले कोरे कागद संपले. उड्डाण बेमुदत लांबले.

गाठोडी बांधून बसलेल्या सशांना हे सांगण्याचे काम नव्या मुख्य परीक्षकाकडे आले.

"विमान धोक्याचं आहे," काष्ठकूट म्हणाला.

"अहो, कालपर्यंत तर तुम्हीच म्हणत होता, अगदी भक्कम आहे!" एक म्हातारा ससा म्हणाला.

काष्ठकूट त्या दिवशी फार प्रामाणिक झाला होता.

"आजोबा," तो म्हणाला, "कालपर्यंत त्यात तुम्ही बसणार होतात."

तात्पर्य : सदा सत्य बोलावे, मात्र त्याआधी आपला आसनक्रमांक पाहून घ्यावा.