जाळीशिवाय पडल्याबाबत

सार्वजनिक ठिकाणी कोणालाही पडायचं असल्यास पंधरा दिवस आधी अर्ज करावा लागतो. हा नियम जुना आहे आणि त्यात वावगं काहीच नाही. माणूस पडला की तो कोणाच्या तरी हद्दीत पडतो, आणि मग हद्द कोणाची यावर दोन कार्यालयांत वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालतो. तो टाळावा म्हणून पतन नियंत्रण कार्यालयाची स्थापना झाली. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याला कठडा नाही.

उड्याला हे कार्यालय पाठ होतं. फिरत्या कसरतवाल्यांच्या ताफ्यात तो अकरा वर्षं चाळीस फुटी शिडीवरून पाण्याच्या हौदात उडी मारत होता. हौद एवढासा, की त्यात एक म्हैस बसली असती तर उड्याला जागा उरली नसती. त्याच ताफ्यात भिंगरी होती. लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर ती मोटारसायकल गरागरा फिरवायची, आणि भर वेगात एक हात सोडून हेल्मेटबाहेर आलेली बट आत सारायची. लोक श्वास रोखून बघत. उड्या तर सात वर्षं श्वास रोखूनच होता.

हे भिंगरीला सोडून सगळ्या ताफ्याला ठाऊक होतं, असं उड्याला वाटायचं. चाळीस फुटांवरून बिनधास्त उडी घेणारा हा गडी तिच्यासमोर उभा राहिला की त्याची बोबडी वळायची. "चेनला तेल घातलंस का?" यापलीकडे गाडी सरकायची नाही. मग तोच तेल घालून द्यायचा. सात वर्षांत भिंगरीची चेन एकदाही कुरकुरली नाही.

अशात एका दिग्दर्शकाने फिरत्या कसरतवाल्यांच्या जीवनावर चित्रपट काढायचं मनावर घेतलं. त्यात उड्या होत्या, आग होती, मोटारसायकली होत्या आणि अर्थातच प्रेम होतं. नायक-नायिका नामांकित होते, त्यामुळे हातपाय मोडण्यासारखं जे काही असेल ते उड्या आणि भिंगरी यांनी करायचं ठरलं. भिंगरीने त्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, की चित्रपट संपला की ती ताफा सोडणार. एका ड्रायव्हिंग स्कूलने तिला शिकवायला बोलावलं होतं. चित्रपट संपायच्या आत तिला सांगायचंच, असं उड्याने शिडीची शपथ घेऊन ठरवलं.

पटकथा मंजुरीसाठी कार्यालयात गेली. चाळीस फुटी उडी एका दिवसात मंजूर झाली, कारण 'उडी स्वेच्छेने मारली जात असल्याने ती पतन या संज्ञेत बसत नाही'. पेटत्या कड्यातून मोटारसायकल नेण्यालाही हरकत आली नाही. परत आलं ते पान बावीस. त्यावर एकच ओळ होती : 'येथे नायक नायिकेच्या प्रेमात पडतो.' समासात लाल शाईचा शेरा होता : 'किती उंचीवरून? जाळी दर्शविलेली नाही. सबब अमान्य.'

दिग्दर्शक उड्याला सोबत घेऊन कार्यालयात गेला.

"साहेब, ते तसलं पडणं नव्हे हो," तो निरीक्षकांना म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "नंतर प्लास्टर आम्हाला बघावं लागतं."

"अहो, ती बोलायची पद्धत आहे."

"मग पद्धत बदला. आमचं काही म्हणणं नाही."

दिग्दर्शकाने पद्धत बदलली. 'त्याचा तिच्यावर जीव जडतो' असं लिहिलं, तर कागद आरोग्य खात्याकडे गेला, कारण माणसाला ज्या गोष्टी जडतात त्या बहुधा व्याधी असतात. 'तो तिच्यावर जीव टाकतो' असं लिहिलं, तेव्हा स्वच्छता विभागाने विचारणा केली, की टाकायचा जीव ओला की सुका? 'ती त्याच्या मनात भरते' याला मनाची कमाल क्षमता सांगणारा दाखला लागत होता. वैतागून त्याने 'तो तिच्यासाठी जीव द्यायला तयार होतो' असं लिहिलं. त्या दिवशी त्याची सबंध दुपार पोलीस चौकीत जबाब देण्यात गेली. तिथून सुटल्यावर तो मुकाट्याने पुन्हा 'पडतो'वर आला. निदान ते कार्यालय ओळखीचं होतं.

निरीक्षक वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी तोडगा काढला. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मैदानात प्रात्यक्षिक द्यावं, पडणं सुरक्षित वाटल्यास मंजुरी मिळेल. नामांकित नायकाने करारावर बोट ठेवलं. जोखमीची कामं बदली कलाकाराने करायची होती. यापेक्षा जोखमीचं काम उभ्या पटकथेत नव्हतं. नायिकेनेही तेच बोट त्याच कलमावर ठेवलं.

अशा रीतीने मंगळवारी उड्या प्रेमात पडायला उभा राहिला. चार माणसं जाळी ताणून उभी होती, डॉक्टर पेटी उघडून बसले होते आणि लेखनिकाच्या हातात मोजपट्टी होती.

"प्रेम कुठे आहे?" निरीक्षकांनी विचारलं. "खोली मोजायची आहे."

दिग्दर्शकाने भिंगरीकडे बोट दाखवलं. लेखनिकाने तिला टाचेपासून डोक्यापर्यंत मोजलं आणि लिहिलं : खोली पाच फूट दोन इंच.

"हं. पडा," निरीक्षक म्हणाले.

उड्या हलला नाही.

"पडा की. आम्हाला इतरही पडणारे आहेत."

"मला नाही पडता येणार साहेब."

"का?"

"मी आधीच पडलोय."

लेखनिकाचं पेन थांबलं. भिंगरीने हेल्मेट काढलं.

"कधी?" निरीक्षकांनी विचारलं.

"सात वर्षं झाली. हिच्याच प्रेमात."

"खाली जाळी होती?"

"नव्हती."

"चोवीस तासांच्या आत कळवलंत?"

"हिलाच कळवलं नाही साहेब. तुम्हाला कुठून कळवणार?"

"अरे बावळटा!" भिंगरी ओरडली. "सात वर्षं माझ्या चेनमध्ये तेल ओतत होतास! माझा एक कपडा बिनडागाचा राहिला नाही. एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुला?"

"भीती वाटायची."

"कसली?"

"तू नाही म्हणालीस तर खाली पाणी नव्हतं ना."

हेल्मेटची पट्टी भिंगरीने उगाच दोनदा लावली आणि दोनदा काढली.

"बाई," निरीक्षक खाकरले, "या घटनेत आपणही पडलात का?"

"पडले. दुसऱ्याच वर्षी. म्हणून तर आता निघाले होते. किती दिवस पडून राहणार माणूस?"

उड्याच्या चेहऱ्यावर जे हसू फुटलं ते नोंदवहीत घ्यायला रकाना नव्हता. बाकी सगळं रीतसर नोंदवलं गेलं. एकाच ताफ्यातल्या दोन कलाकारांचं विनापरवाना, विनाजाळी पतन, तेही वर्षानुवर्षं दडवलेलं. दोघांचे कसरतीचे परवाने जागेवरच स्थगित झाले. पडलेल्या माणसाला उडी मारता येत नाही, उठल्याचा दाखला द्यावा लागतो.

निरीक्षकांनी पिशवीतून नमुना सात काढला. त्यावर छापलं होतं : 'मी प्रेमात पडलेलो/पडलेले नाही; पडलो असल्यास पूर्णपणे उठलो/उठले आहे.' खाली सहीची जागा.

"सही करा आणि मोकळे व्हा," ते आवाज खाली आणून म्हणाले. "कोण बघायला येतंय? उद्या दोघांनी लग्न केलंत तरी आमची ना नाही. लग्नाच्या अर्जात पडण्याचा रकानाच नाही. मी स्वतः एकवीस वर्षं विवाहित आहे, एकदाही तोल गेलेला नाही."

उड्याने पेन घेतलं. समोर शिडी दिसत होती, हौद दिसत होता. अकरा वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं आणि दुसरं काही येतही नव्हतं. भिंगरी त्याच्याकडे बघत नव्हती, मुद्दाम. त्याने पेन कागदाला टेकवलं. चाळीस फुटांवर कधी न थरथरलेला हात तिथेच अडला.

"नाही जमत साहेब," तो म्हणाला आणि टोपण लावून पेन परत दिलं. भिंगरीने तर पेन हातातही घेतलं नाही.

ताफा त्यांच्याशिवाय पुढच्या गावी गेला. भिंगरी आता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते आणि उड्या मागच्या सीटवर बसून घाबरलेल्या शिकाऊ मंडळींना धीर देतो. सुट्टीच्या दिवशी गाडीला तेलपाणी करतो. सवय आहे.

चित्रपट पूर्ण झाला. पान बावीसवर आता 'नायक नायिकेची योग्य ती दखल घेतो' असं आहे, आणि त्या प्रसंगात दोघं तीन फुटांचं अंतर राखून कठडा धरून उभे आहेत. सुरुवातीला पडद्यावर पाटी येते : 'या चित्रपटाच्या निर्मितीत कोणीही प्रेमात पडलेले नाही. जे पडले त्यांना काढून टाकण्यात आले आहे.'

तरीही कार्यालयाला धाकधूक होती. एवढं बघून प्रेक्षकच पडले तर? म्हणून प्रत्येक तिकिटासोबत नमुना सात भरून घ्यायचं ठरलं. पहिल्याच दिवशी उड्या आणि भिंगरी हौसेने चित्रपट बघायला गेले होते. खिडकीवर तोच कागद पुढे आला, तसे दोघं हसत माघारी फिरले. मागची रांग करवादली होती. "अहो, सही करायला एवढा वेळ कशाला लागतो?"

रांगेला वेळ लागला नाही. निरीक्षकांनी वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात समाधान व्यक्त केलं आहे. गर्दी प्रचंड होती, तरी एकाही प्रेक्षकाचा हात अडला नाही. लिहायला टेबल कमी पडलं, तेव्हा जोडप्यांनी एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सह्या केल्या.

त्या रांगेत तुम्हीही होतात. तुमचा कागद कोणाच्या पाठीवर होता, तेवढं आठवून बघा.