धोंडूनाना जप्त होतात

एका जंगलात, बाळांनो, सिंहापेक्षा शिक्क्याला जास्त मान होता. त्या जंगलात धोंडूनाना नावाचे एक कासव राहायचे. रोज सकाळी बेडकांच्या पिल्लांना पाठीवर घेऊन ते ओढ्यापलीकडच्या शाळेत सोडायचे.

बेडकांना पोहता येतं, हे मलाही माहीत आहे. पण गणवेश भिजतो ना!

एकदा वाहन कचेरीनं नियम काढला. जो पाठीवर कुणाला बसवतो, तो वाहन. झालं, धोंडूनाना वाहन ठरले.

नानांचा स्वभाव गरीब. त्यांनी वाद घातला नाही. धूर सोडत नसल्याचा दाखला मिळवला. भरधाव पळणार नाही, असं लिहून दिलं. सगळं नियमाप्रमाणे पिंपळाच्या कोवळ्या पानावर. जून पान त्या कचेरीत चालत नसे.

एका सकाळी पिल्लांना शाळेत सोडून नाना शेजारच्या कचेरीत गेले. कागद घ्यायला शेवंताबाई शेळी बसल्या होत्या. बाईंनी पानावर जांभळा शिक्का मारला. मग पानाचा वास घेतला.

"छान झालाय हो अर्ज," त्या म्हणाल्या. "या आता."

नाना निघाले. फाटकापर्यंत पोचतात न पोचतात, तोच शिपाई खार मागून पळत आली. तिच्या हातात नोटीस होती. कागदपत्रे मिळालेली नाहीत. जमा केल्याचा पुरावा सूर्य मावळायच्या आत आणावा, नाहीतर वाहन जप्त.

नाना घाबरून मागे फिरले. त्यालाही बराच वेळ लागला. आत बारशिंगे साहेब आपली शिंगं सावरत बसले होते. साहेब वाईट नव्हते. नोकरीत होते.

"साहेब, जप्त म्हणजे नक्की काय करता?"

"पाठ ठेवून घेतो. मालकानं घरी जायचं."

"अहो, मालक आत आहे! आणि घरही तेच आहे."

"तसा दाखला आणा. बरं, कागद दिल्याची पोच कुठाय?"

"पानावरच शिक्का मारलाय बाईंनी."

"मग पान दाखवा."

"पान बाईंना दिलं."

साहेबांनी मान वळवली. "काय हो शेवंताबाई?"

"माझं टेबल बघा की साहेब. कसं लख्ख आहे!"

खरंच लख्ख होतं. एक देठसुद्धा नव्हतं.

नाना कोपऱ्यात बसून राहिले. पाठ गेली तर उरायचं काय, हा विचार काही केल्या जाईना. दुपारी शाळा सुटली. पिल्लं टुणटुण उड्या मारत खिडकीत आली.

"नाना, तुम्हाला सोलणार का हो?"

"छे रे! जप्त करणार."

"मग आम्ही घरी कसं जायचं?"

"पोहत जा, राजा."

"आणि गणवेश?"

नानांनी मान आत ओढून घेतली. पिल्लांसमोर रडायचं नव्हतं त्यांना.

इकडे शेवंताबाईंचं जेवण झालं. त्यांनी डोळे अर्धे मिटले, पाय पोटाशी घेतले आणि रवंथ सुरू केलं. जबडा सावकाश हलू लागला. नाना आतून बघत होते. बाईंच्या ओठाशी काहीतरी हिरवं आलं. त्या हिरव्यावर जांभळं होतं.

"पान!" नाना ओरडले. "साहेब, माझं पान! बाई, गिळू नका!"

साहेब टेबल ओलांडून आले. "शेवंताबाई, आहात तशा थांबा. आ करा."

बाईंनी आ केला. साहेबांनी चष्मा पुसून जिभेवर वाचलं. "धोंडू... धूर सोडत नाही... अक्षर बरं आहे तुमचं, नाना. पण शिक्का अर्धाच आहे."

"बाकीचा?"

"असेल आतल्या कप्प्यात. शेळीला पोटाचे चार कप्पे असतात. बाई, बघा जरा."

बाईंनी डोळे मिटून जोर लावला. बाहेर ऊन उतरत चाललं होतं. पिल्लांनी श्वास रोखून धरला. साहेब सारखे खिडकीतून सूर्याकडे बघत होते. शेवटी बाईंचा गळा हलला आणि उरलेला शिक्का वर आला.

साहेबांनी दोन्ही तुकडे जिभेवर जुळवून पाहिले. "कागद जमा झाल्याचं सिद्ध होतंय. वाहन सोडा!"

पिल्लांनी एकच गलका केला आणि धडाधड नानांच्या पाठीवर उड्या मारल्या. शेवंताबाई तोंड उघडं ठेवूनच बसल्या होत्या.

"याचं काय करू, साहेब?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"फायलीला लावा," साहेब म्हणाले.

बाईंनी पान गिळलं.

तात्पर्य: बाळांनो, आपण खरे असलो की पुराव्याची काळजी करू नये. पुरावा कचेरीच्या पोटात असतोच. आपण फक्त तो पचायच्या आत तिथं बसून राहावं.