गुरूसाठी उघडलेलं छप्पर

ज्या माणसाने तीस वर्षं मालगाडीच्या शेपटाला बसून गाडी वेळेवर पोचवली, त्याला एक ग्रह वेळेवर घरात आणणं काय जड आहे? टिकाराम रहांगडाले यांनी हा सवाल गोंदियाच्या बाजारात चष्मेवाल्या चुन्नीलालला टाकला. चुन्नीलाल भिंग पुसत होता. त्याने मानही वर केली नाही.

"ग्रह तो आ जाएगा, गार्डबाबू. बिठाओगे कहाँ?"

टिकाराम फक्त हसले. जागा त्यांनी ठरवून ठेवली होती : बायकोच्या, सुशीलाबाईंच्या पलंगाच्या बरोबर वर, कवेलूंच्या कौलारू छपरात.

पेन्शनीत निघालेला माणूस गोंदियाजवळच्या मुर्री गावात भजनाला तरी लागतो, नाही तर भाऊबंदकीला. टिकाराम आकाशाला लागले. एक मोठं भिंग, एक बारीक भिंग, टिनाची लांब नळी आणि तिच्या आत कंदिलाची काजळी, अशी त्यांनी स्वतःची दुर्बीण उभी केली. तिच्यातून चंद्र खरबरीत दिसे आणि गुरू पिवळ्या वाटाण्याएवढा. त्या वाटाण्याच्या शेजारी त्याचे चार चंद्र एका रेषेत दिसले, त्या दिवशी टिकाराम जेवायचे विसरले होते.

हे खूळ म्हातारपणाचं, असं गावाला वाटे. पण त्याचं मूळ जुनं होतं. गाडी दरेकशाच्या जंगलात सिग्नलसाठी थांबली की शेवटच्या डब्यात टिकाराम एकटे असत. इंजीन पार पुढे, वळणापलीकडे. दोन्ही बाजूंना काळं रान आणि वर चांदण्यांचा नुसता सडा. प्रत्येक वेळी त्यांच्या मनात एकच यायचं, हे सुशीलेला दाखवायला पाहिजे. मग सिग्नल पडे, ते हिरवा कंदील हलवत आणि गाडी चालू लागे. घरी आले की झोप, उठले की पुन्हा ड्यूटी. तीस वर्षं संसार दोघांचा होता आणि आकाश एकट्याचं.

आता वेळच वेळ होता, तर सुशीलाबाई दिवाळीत तळ्याच्या पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. होळीपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही, असं गोंदियाच्या डॉक्टरांनी बजावलं. मधल्या खोलीत सागवानी पलंगावर त्या उताण्या पडून असत, छपराकडे बघत, आणि मधूनच एक लांब उसासा सोडत.

तो उसासा ऐकून टिकारामांनी निष्कर्ष काढला की बायको आकाशासाठी झुरते आहे. पाठीवर पडलेला माणूस वर नाही तर कुठे बघणार, हा विचार त्यांना शिवला नाही.

चोपन्न सालच्या त्या माघात गुरू संध्याकाळच्या जेवणानंतर थेट डोक्यावरून जायचा. टिकारामांचा बेत मालगाडीच्या वेळापत्रकासारखा पक्का होता. पलंगावरची कवेलू काढायची, वाशांना दोर बांधून नळी उभी लटकवायची आणि तिचं खालचं टोक सुशीलाबाईंच्या डोळ्यावर आणायचं. त्यांनी मानसुद्धा वळवायची नाही. गुरू आपल्या पायांनी येईल आणि चारही चंद्रांसकट नळीसमोरून जाईल. बायकोला मात्र यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. म्हणून दुपारी कवेलू उतरवताना त्यांनी थाप मारली, की काही फुटली आहेत, बदलावी लागतील. आणि दोर आणायला ते सायकलवर गोंदियाला गेले.

आता मुर्रीची एक रीत आहे. कोणाचं छप्पर उघडं दिसलं की गल्ली आमंत्रणाची वाट बघत नाही. सुशीलाबाईंनी शेजारच्या बायजाबाईला सांगितलं, बायजाबाईने नवऱ्याला, उदेभानला, आणि तो धानाची पोती टाकून चार माणसं घेऊन छपरावर चढला. टिकाराम परत आले तेव्हा छप्पर झाकलेलं होतं. झाकलेलं म्हणजे असं, की मूळच्या कारागिराने बघितलं असतं तर लाजला असता. भेगा मातीने लिंपल्या होत्या. उजेडाची काडी आत येत नव्हती.

उदेभान हात धूत म्हणाला, "आता दोन पावसाळे पाहाचं काम नाही, गार्डकाका."

टिकारामांनी सगळ्यांना चहा पाजला. वर, आभाराचे चार शब्दही बोलावे लागले. गुरू त्या वेळी बरोबर छपरावरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी सुशीलाबाईंचा डोळा लागल्यावर टिकारामांनी कवेलू पुन्हा काढली. संध्याकाळी उदेभान बैल घेऊन परतला, त्याने वर पाहिलं आणि तो जागीच थांबला. बैलही थांबले. आपलं काम एका दिवसात उखडलं, हे त्याच्या मनाला लागलं.

"आपलं काम असं सुटत नाही जी," तो म्हणाला. "हे कोणीतरी काढलं."

खरं सांगायची ही वेळ होती. पण खिडकीआड सुशीलाबाई जाग्या होत्या आणि त्यांच्यासाठी केलेली गंमत त्यांच्याच कानावर अशी पडावी, हे टिकारामांना पटेना. ते म्हणाले, असेल कोणीतरी. या शब्दांनी चोराचा जन्म झाला. कवेलू काढून घरात उतरणारे चोर सगळ्यांना ऐकून माहीत होतेच. अंधार पडायच्या आत त्या चोराला मिशा फुटल्या आणि जेवणं होईपर्यंत त्याची टोळी झाली. पेन्शनवाल्याचं घर, आत अधू बाई, म्हणजे पहारा हवाच. छप्पर पुन्हा झाकलं गेलं. उदेभानने लग्नातली गॅसबत्ती मागून आणली आणि टिकारामांच्याच अंगणात टांगली. त्या उजेडात शुक्राचीसुद्धा डाळ शिजली नसती, मग गुरूच्या चंद्रांना कोण विचारतो? पहारेकऱ्यांनी बिड्या ओढत चोरांच्या गोष्टी सांगितल्या. टिकाराम ओट्यावर नळी मांडीवर घेऊन बसले. एकाने विचारलं, ही बंदूक भरलेली आहे का?

तिसऱ्या दिवशी त्यांनी धीर सोडला. चंद्र रोज मोठा होत होता. आणखी दोन-तीन दिवसांत तो गुरूच्या शेजारी येऊन बसला असता आणि त्याच्या उजेडात आकाश फिकं पडलं असतं. पहारेकरी जेवायला गेले तेव्हा टिकारामांनी गॅसबत्ती विझवली, शिडी लावली आणि वयाच्या साठीत ते मांजरासारखे छपरावर चढले. मांजराचा आवाज होत नाही, एवढाच फरक. बायजाबाई भांडी घासायला बाहेर आली होती. तिला आकाशाच्या पार्श्वभूमीवर एक ओणवा माणूस कवेलू काढताना दिसला.

तिने हाक मारली आणि गल्ली लाठ्यांसकट हजर झाली. उदेभानने हुशारी केली. चोर पळू नये म्हणून त्याने आधी शिडी काढून घेतली. टिकारामांनी वरून "मी आहो, मी" असं सांगून पाहिलं, पण असं तर कोणताही चोर म्हणेल. खालून पहिला दगड आला तसा त्यांनी आतला रस्ता धरला. भोकातून पाय सोडले, पाय गेले, पोट अडकलं.

मधल्या खोलीत सुशीलाबाईंनी डोळे उघडले तर छपरातून दोन पाय लोंबत होते. त्यांनी ते थोडा वेळ नीट निरखले. तीस वर्षं हेच पाय ड्यूटीवरून येऊन त्यांच्या हातच्या गरम पाण्यात बसले होते.

"मारू नोका," त्या शांतपणे मोठ्या आवाजात म्हणाल्या. "घरचाच माणूस हाये."

टिकारामांना ओढून काढून खाली आणलं, तेव्हा ते चुन्याच्या भट्टीतून निघाल्यासारखे दिसत होते. मग सगळ्यांसमोर, मान खाली घालून त्यांनी खरं सांगितलं. सुशीलेला गुरू दाखवायचा होता. कोणी हसलं नाही. उदेभान डोकं खाजवत उभा राहिला.

"मंग काकीले बाहेर काऊन नाही आणलं?"

"दारातून पलंग निघत नाही. मी मोजून पायलं."

"पलंग कायले काढता? आमच्या घरी बाज आहे ना."

छप्पर, वासे, दोर, गुरूची वेळ, सगळं टिकारामांनी तपासलं होतं. बाज नावाची वस्तू मात्र त्यांच्या आकाशात उगवलीच नव्हती.

बायजाबाईने सुतळीने विणलेली हलकी बाज आणली. चौघांनी सुशीलाबाईंना गादीसकट अलगद तिच्यावर घेतलं आणि देवाच्या पालखीसारखं दारातून बाहेर काढून अंगणाच्या मध्यावर ठेवलं. वर गुरू होता, पिवळाधमक आणि स्थिर. टिकाराम नळी घेऊन धावले. तीस वर्षांचा सिग्नल आज पडला होता.

पण सुशीलाबाई वर बघतच नव्हत्या. दिवाळीनंतर त्या पहिल्यांदा गल्ली बघत होत्या. कोणाच्या दारात नवा ओटा झाला होता, कोणाची गाय व्याली होती. संक्रांतीपासून सगळीकडे हळदीकुंकू चालू होतं आणि त्या एकाही घरी गेल्या नव्हत्या. आता घराघरांतून बायाच निघून आल्या. कोणी कपाळाला कुंकू लावलं, कोणी तिळाचा लाडू हातावर ठेवला, आणि बाजेभोवती अशी दाटी झाली की टिकारामांची नळी आत शिरेना. त्यांनी दोनदा सुचवलं, गुरू बरोबर वर आहे. दोन्ही वेळा सुशीलाबाई म्हणाल्या, "थांबा ना जी, पायतो."

तोवर उदेभानने पाहिलं, पहारेकऱ्यांनी पाहिलं, बायजाबाईच्या म्हाताऱ्या सासूनेही पाहिलं. चार चंद्र मोजून सगळे खूश झाले. रात्र चढली तसा गुरू पश्चिमेकडे कलला आणि अंगणाच्या कडेच्या चिंचेत शिरला. बाया थोड्या पांगल्या. टिकाराम नळी मांडीवर घेऊन बाजेच्या उशाशी बसले. सुशीलाबाईंचा हात त्यांच्या गुडघ्यावर आला. गेल्या तीन महिन्यांत तो चेहरा असा उजळलेला त्यांनी पाहिला नव्हता.

"गेला का जी तुमचा गुरू?"

"गेला."

"तुमी तर पायलाय ना? मंग सांगा, कसा दिसते."

टिकारामांनी घसा साफ केला. दरेकशाच्या जंगलात एकट्याने साठवलेलं सगळं बोलायचं होतं.

"मधात एक पिवळा गोल," ते म्हणाले. "अन् बाजूले चार ठिपके. एका रेषेत."

सुशीलाबाईंनी थोडी वाट पाहिली. "अन् मंग?"

टिकारामांनी विचार केला. "मंग काही नाही."

"छान हाये," त्या म्हणाल्या. त्यांचा गुडघा दोनदा थोपटून त्यांनी मान हळूच दुसऱ्या बाजूला वळवली. "हं, बायजे, मंग त्या पोरीच्या सोयरिकीचं का झालं?"

टिकाराम चिंचेकडे बघत राहिले. गुरूला चार चंद्र आहेत, हे खरं. पण त्यांतल्या एकाचंही लग्न जमायचं राहिलेलं नव्हतं.